पंक्तीत कोणाचे पान?

थोर कोण, हा वाद आपल्या समाजाला नवा नाही. बालगंधर्व थोर की केशवराव भोसले, सी. के. नायडू थोर की मुश्ताक अली, मर्ढेकर थोर की कुसुमाग्रज, अशा प्रश्नांवर इंदूरच्या जुन्या वाड्यांतील ओसऱ्यांवर कित्येक संध्याकाळी खर्ची पडल्या आणि त्यांतून एकाही प्रश्नाचा निकाल लागला नाही. निकाल लागावा अशी वाद घालणाऱ्यांची फारशी इच्छाही नसते. ज्याच्यावर आपले मन बसले त्याला थोरांच्या पंक्तीत पाट मिळावा, एवढीच त्यांची धडपड असते; आणि या धडपडीत माणूस स्वतःसाठी काही मागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य आहे. म्हणूनच अशा वादांकडे पाहून नाक मुरडणे आम्हांस कधी रुचले नाही.

गेल्या दिवाळीत हा वाद आमच्या घरी एका अगदी अनोळखी नावावरून रंगला. आमचा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि थोरला पुतण्या नोकरीला लागून चार वर्षे झाली आहेत. दोघेही पाश्चात्त्य संगीताचे भोक्ते. 'टूल' नावाचा एक अमेरिकन बँड मेटल संगीतातील थोरांच्या पंक्तीत बसतो की नाही, यावर फराळाची ताटे निवेपर्यंत खडाजंगी चालली. भाच्याचे म्हणणे, असे बुद्धिमान संगीत त्या प्रकारात दुसरे झालेच नाही. पुतण्याचे म्हणणे, "अरे, ही हिशेबाची वही आहे. गणित बरोबर आले म्हणून गाणे होत नाही." अखेर भाचा आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुम्ही एवढी वर्षे मुलांचे पेपर तपासता. आता तुम्हीच सांगा, थोर कोण हे ठरवायचे कसे?"

प्रश्न उत्तम होता आणि त्याला फराळाच्या ताटावर उत्तर देणे शक्य नव्हते. या सदरात त्याचा थोडा विचार करावा असे मनात आले.

वाचकांपैकी अनेकांस हे नाव अपरिचित असेल, म्हणून दोन शब्द. मेटल या संगीतप्रकाराचा उगम सामान्यतः इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात निघालेल्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडपाशी मानतात. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली प्रसिद्ध झाली. विजेच्या गिटारीचा जड, घोगरा नाद, ढोलांचा भरभक्कम आघात आणि उंच, कधी किंचाळीला भिडणारा आवाज, असे त्याचे बाह्यरूप आहे. पुढे काही मंडळींनी या नादात दीर्घ रचना, विषम मात्रांचे ताल आणि गुंतागुंतीची बांधणी आणली. त्या शाखेला 'प्रोग्रेसिव्ह मेटल' म्हणतात. 'टूल' हा १९९० साली लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेला चौघांचा बँड याच शाखेत गणला जातो. १९९३ ते २०१९ या काळात त्यांनी पूर्ण लांबीच्या अवघ्या पाच ध्वनिमुद्रिका काढल्या. चौथी आणि पाचवी यांत तेरा वर्षांचे अंतर आहे. पिकायला वेळ घेणारी ही मंडळी आहेत, एवढे यावरून दिसते.

थोरपणाची पहिली कसोटी म्हणून सहसा पुढे केली जाते ती अवघडपणाची. भाच्याचाही सारा भर तिच्यावरच होता. टूलच्या २००१ सालच्या 'लॅटरॅलस' या रचनेत गायकाच्या ओळींतील उच्चारखंड १, १, २, ३, ५, ८ अशा क्रमाने वाढतात आणि पुन्हा उतरतात. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. ध्रुपदाच्या जागी ९, ८ आणि ७ मात्रांची आवर्तने एकामागून एक येतात. युरोपात ही संख्यामालिका फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्धीस आली. पण वृत्तशास्त्र शिकलेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला तिचे नवल वाटू नये. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, हे धरून अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल याचा हिशेब केला, तर तीन मात्रांची ओळ ३ प्रकारे, चार मात्रांची ५ प्रकारे, पाच मात्रांची ८ प्रकारे आणि सहा मात्रांची १३ प्रकारे बांधता येते. आमच्या छंदःशास्त्रकारांनी हा नियम ओळखला होता आणि आचार्य हेमचंद्रांनी तो बाराव्या शतकातच, म्हणजे फिबोनाचीच्या ग्रंथाच्या आधी, नोंदवून ठेवला.

आता एवढ्यावरून थोरपण सिद्ध होते काय? आमच्या मोरोपंतांचेच उदाहरण घ्या. पंतांनी १०८ रामायणे रचली. त्यांतील एकात ओठांनी उच्चारावे लागणारे वर्ण अजिबात नाहीत. त्याला निरोष्ठ रामायण म्हणतात. प, फ, ब, भ, म टाळून रामकथा सांगायची, म्हणजे 'राम' हे नावसुद्धा घेता येत नाही. अशी कसरत पेलणाऱ्या प्रतिभेला आम्ही शंभर वेळा नमस्कार करतो. तथापि पंतांची आठवण मराठी मनात टिकली ती 'केकावली'मुळे, जेथे वृद्ध भक्त देवापाशी आर्जव करतो आणि वाचणाऱ्याचा गळा दाटतो. निरोष्ठ रामायणाने पंतांचे सामर्थ्य कळते, केकावलीने पंत कळतात. तेव्हा अवघडपणा हा सामर्थ्याचा दाखला आहे आणि थोरांपैकी पुष्कळांपाशी तो असतो. परंतु त्याच्यावरच पाट मांडायचा ठरवला, तर सर्कशीतील मंडळी पंक्तीत सर्वांच्या आधी येऊन बसतील. येथपर्यंत पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे.

दुसरी कसोटी लोकप्रियतेची. टूलची २०१९ सालची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिच्यातील दहा मिनिटांहून लांब असे शीर्षकगीतही तेथील लोकप्रिय गीतांच्या शंभरांच्या यादीत शिरले. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांच्या बाजारात हे घडले, याचे कौतुक अवश्य करावे. पण बाजारातील पहिला क्रमांक आठवड्याला बदलतो. गर्दी खोटे बोलत नाही, हे खरे. फक्त ती आजपुरते बोलते.

कसोटी म्हटली की आणखी एक गोष्ट आमच्या डोळ्यांपुढे येते. 'बैजू बावरा' हा चित्रपट १९५२ साली आला. त्यात तानसेन आणि बैजू यांच्या गाण्याचा सामना आहे. नौशादसाहेबांनी तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज घेतला आणि बैजूसाठी पंडित दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा. कथेप्रमाणे बैजू जिंकतो. म्हणून पलुस्करबुवांनी खाँसाहेबांना हरवले, असे चित्रपटगृहातून बाहेर पडताना कोणाच्या मनात आले नसावे. दोन्ही आवाज कानांत घेऊनच माणसे घरी गेली. पडद्यावरच्या दरबाराला निकाल द्यावा लागतो. श्रोत्याला तसे बंधन नसते.

अमीर खाँसाहेबांचे नाव आले आणि आम्ही आपोआप घरी, म्हणजे माळव्यात येऊन पोहोचलो. थोरपणाची तिसरी कसोटी, जी आमच्याकडे सर्वांत कडक मानली जाते, ती परंपरेची. तुमचे घराणे कोणते, गुरू कोण, गंडा कोणाचा, हे प्रश्न येथे आधी विचारले जात. १९६१ साली वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ लिहिला आणि स्वर व लय या दोन टोकांच्या दरम्यान एकेका घराण्याची जागा मोठ्या मार्मिकतेने दाखवून दिली. असा नकाशा हाती असला की गायकाला त्यावर शोधणे सोपे जाते. अडचण येते ती नकाशावर नसलेल्या माणसांची. आणि अशी दोन माणसे त्या काळी आमच्या या एवढ्याशा मुलखात, एक इंदुरातून आलेले आणि एक देवासला राहणारे, गात होती. दोन्ही गावांत अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचे.

खाँसाहेबांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२चा. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवीत. त्यांनी मुलाला मेरुखंडाची तालीम दिली. सात स्वर एकेकदाच घेऊन त्यांची जागा बदलत गेले तर ५,०४० प्रकार होतात. त्यांतून कोणते गाण्यात शोभतात याचा शोध घेण्याची ती शिस्त आहे. भाच्याला हा आकडा सांगितला, तेव्हा त्याचे डोळे चमकले. पुढे तरुण अमीर खाँनी किराण्याचे अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजब अली खाँ आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांचे गाणे मनात साठवले आणि त्या तिघांपैकी कोणाचीही नक्कल न करता स्वतःची वाट काढली. चौदा मात्रांच्या झुमऱ्यात अतिविलंबित लय, खर्जातून सावकाश वर येणारा स्वर आणि श्रोत्याकडे पाठ फिरवून स्वतःशीच चालल्यासारखे चिंतन. आक्षेप पुष्कळ होते. ही लय फार संथ आहे, पुष्कळदा अंतरा गायलाच जात नाही, हा ख्याल आहे की आलाप, आणि मुख्य म्हणजे हे घराणे कोणते? १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास मोटार अपघातात खाँसाहेब गेले. त्यानंतरची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. ज्याला घराणे नाही अशी शंका होती, त्याच्या गाण्यालाच आज 'इंदूर घराणे' म्हणतात.

देवासची कथा याहून विलक्षण आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवी. त्यावरून 'कुमार गंधर्व' हे नाव पडले. म्हणजे थोरांची संपूर्ण पंक्ती त्याच्या कोवळ्या गळ्यात आधीच बसलेली होती. मुंबईस प्रोफेसर बा. र. देवधर यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. १९४७ साली विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८च्या जानेवारीत ते देवासला आले. पाच-सहा वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानांवर येत ती माळव्यातील बायकांची गाणी आणि दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस निकामी झाले होते. लांब श्वासाची आलापी हे ज्या कलेचे भांडवल, त्या कलेत हा गायक तुटक, धारदार, अकस्मात झेपावणारे स्वर घेऊन उतरला.

येथे आम्हांस बर्मिंगहॅमच्या त्या पहिल्या बँडची आठवण होते. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. तेथील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली आणला. ज्या जड, खोल नादाला आज जग मेटल म्हणते, त्याच्या घडणीत या जखमेचा वाटा आहे. देवासची खाट आणि बर्मिंगहॅमचा कारखाना यांची तुलना करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एवढेच म्हणतो की, जुन्या मापाने जी उणीव ठरावी, तिच्यातून नवे माप निघाले, असे जगात दोन दूरच्या ठिकाणी घडले आहे.

कुमारांवरील आक्षेपही कमी नव्हते. लोकगीतांच्या धुनांतून त्यांनी 'धुनउगम' राग उभे केले, ख्यालाच्या बैठकीत माळव्याची गीते आणली, गांधीजींच्या स्मरणार्थ 'गांधी मल्हार' बांधला आणि बालगंधर्वांची पदे 'मला उमजलेले बालगंधर्व' म्हणून आपल्या रीतीने गायली. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा संग्रह प्रसिद्ध झाला. कोणी म्हणे हा परंपरेचा द्रोह, कोणी म्हणे ही नुसती लहर. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे रसिक त्यांच्या बाजूने प्राणपणाने उभे राहिले. १९९० साली पद्मविभूषण मिळाले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी कुमार गेले. आज त्यांच्या थोरवीविषयी देवास-इंदुरात तरी कोणी वाद घालीत नाही. परंतु वाद संपला तो सन्मानामुळे नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे.

मग कशामुळे संपला? आमच्या मते येथेच भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कुमारांमुळे त्यांच्या आधीच्यांना नवे श्रोते मिळाले. लग्नघरात हळद दळताना बायका जे गात, ते गाणे आहे, हे आम्हां शहरी मराठी मंडळींना कुमारांच्या गळ्यातून आल्यावर उमगले. निर्गुणी भजन म्हणजे भिक्षेकऱ्याचा सूर, असे समजणारी माणसे कबीर उघडून बसली. १९४१ साली निवर्तलेले आपल्या मध्य भारताचे कवी भा. रा. तांबे अभ्यासक्रमापुरते उरले होते; 'तांबे गीतरजनी' ऐकून लोकांनी त्यांचा संग्रह पुन्हा हाती घेतला. अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकलेला जिज्ञासू अब्दुल वहीद खाँच्या मोजक्या ध्वनिमुद्रणांचा शोध घेत फिरतो. मर्ढेकरांचेही तेच झाले. १९४७च्या 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला भरला गेला, ते त्यातून निर्दोष सुटले. पण त्यांची थोरवी कोर्टाने दिलेली नाही. यंत्रयुगातील माणसाची तडफड त्यांनी अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर मांडली, आणि ती वाचल्यावर तुकोबा व रामदास यांच्या ओळी नव्याने बोचू लागल्या.

पंगतीत नवे पान मांडले म्हणून आधीच्याला उठवावे लागत नाही. जो खरा थोर असतो, त्याच्या येण्याने पंक्तीतील वडीलधाऱ्यांकडे वाढप्यांचे पुन्हा लक्ष जाते. नुसता नवखा असेल, तो साऱ्यांचे लक्ष स्वतःच्या पानाकडे ओढून घेतो आणि थोड्या वेळाने पंगतच उठते.

याला आम्ही आणखी एक कसोटी जोडू. मागून येणारे त्याच्यापासून काय घेतात? कुमारांचे तुटक स्वर उचलणारे नकलाकार पुष्कळ झाले. निरोगी फुप्फुसांचे गवई उगाच धापा टाकताना आम्ही ऐकले आहेत. परंतु मुकुल शिवपुत्र, कलापिनी कोमकली किंवा सत्यशील देशपांडे यांच्या गाण्यात कुमार आहेत आणि ते तिघे एकमेकांसारखे नाहीत. अमीर खाँसाहेबांचे गाणे तर कंठातून तारेत उतरले. निखिल बॅनर्जींच्या सतारीतील आलापावर त्यांचा ठसा जाणकारांना ओळखू येतो. दुसऱ्या वाद्यात जाऊनही जे जिवंत राहते, ते लकबीच्या पलीकडचे असते.

आता या मापांनी टूलचा विचार करू. त्यांचा ढोलवादक डॅनी कॅरी याने आलोक दत्त यांच्याकडे तबल्याचे धडे घेतले. २००१ साली त्यांनी 'किंग क्रिम्झन' या १९६९ पासून गाजलेल्या ज्येष्ठ इंग्रज बँडसह दौरा केला आणि आपल्या तरुण श्रोत्यांसमोर त्या बुजुर्गांना आणले. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅम येथे ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला. त्यात ज्या बँडनी हजेरी लावली त्यांत टूल होता आणि त्यांनी सॅबथची एक जुनी रचना वाजवली. पुढच्याच पंधरवड्यात सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न वारला. आमचा भाचाही टूल ऐकता ऐकता किंग क्रिम्झनपर्यंत आणि तेथून तबल्यातील तिहाईपर्यंत आला, हे आम्ही स्वतः पाहिले. म्हणजे पहिल्या मापाला हा बँड उतरतो. दुसऱ्या मापाला मात्र अजून अवधी आहे. विषम मात्रा मोजणारे त्यांचे अनुयायी उदंड दिसतात. त्यांच्या नादातून निघून दुसऱ्याच कोणत्या वाद्यात, दुसऱ्याच कोणत्या भाषेत तो विचार जिवंत झाला, असे उदाहरण दोघांपैकी कोणालाही आम्हांस दाखवता आले नाही. म्हणून आमचा निर्णय असा की, पाट मांडावा, पान वाढण्याची घाई करू नये. भाचा थोडा हिरमुसला. पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे मीच जिंकलो." आम्ही म्हटले, "मुळीच नाही. तू गणिताची वही म्हणून जी बंद केलीस, तिच्यातून हा मुलगा झुमऱ्यापर्यंत पोहोचला."

हे सारे घरगुती विनोदावर सोडून देता आले असते. पण विषय तेवढ्यावर थांबत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका गणेशोत्सव मंडळाकडे पाच-सहा मराठी मुले आपला बँड घेऊन वीस मिनिटे मागावयास आली होती. असा छंद आमच्या शहरात नवा नाही; २००६ साली इंदुरातच 'निकोटीन' नावाचा मेटल बँड निघाला आणि त्यात मराठी मुले होती. मंडळाच्या बैठकीत आम्ही या मुलांसाठी शब्द टाकून पाहिला. "याला गाणे कोण म्हणेल?" या एका वाक्यावर विषय संपला. मुलांनी वाद घातला नाही. त्या वर्षी ती आरतीला आली, पुढच्या वर्षी आली नाहीत. त्यानंतर त्याच मंडळाने शास्त्रीय गायनाची बैठक ठेवली, तेव्हा सतरंजीवर साठीच्या आतले माणूस शोधावे लागले आणि तरुणांना अभिजात संगीताची गोडी उरली नाही, असा खेद अध्यक्षीय भाषणात व्यक्त झाला.

आम्हांस खेदाचे कारण निराळे वाटते. दहा-बारा मिनिटांची रचना, जिच्यात लवकर शब्द येत नाहीत, ठेका पहिल्या ऐकण्यात सापडत नाही, ती मूल जर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकू शकत असेल, तर त्याचा कान तयार आहे. झुमऱ्याच्या चौदा मात्रा धीराने वाट पाहत ऐकण्यासाठी जो कान लागतो, त्याच जातीचा तो आहे. होळकरांच्या काळापासून येथे वसलेल्या आपल्या समाजाने गवई घडवले, त्याहून जास्त श्रोते घडवले. त्या श्रोत्यांमुळे अमीर खाँ आणि कुमार आपले म्हणण्याचा हक्क आपल्याला मिळाला. पंचवीस-तीस वर्षांनी हा हक्क सांगणारे कोण असेल? ज्यांचा कान आधीच उघडा आहे, त्यांनाच आपण ओसरीवरून परत पाठवीत असू, तर खाँसाहेबांचा मारवा ऐकायला आपण दुसरे कोठून आणणार?

तेव्हा वाचकांस एक सुचवावेसे वाटते. ज्यांच्या घरी असा नातू, पुतण्या वा भाचा असेल, त्यांनी एखाद्या रविवारी त्याला आपल्या आवडीची एक रचना लावावयास सांगावी आणि ती संपेपर्यंत शांत बसावे. नंतर आपण खाँसाहेबांचा मारवा किंवा कुमारांचे एखादे निर्गुणी भजन लावावे आणि त्यानेही तसेच बसावे. आवडलेच पाहिजे असे बंधन कोणावरच नसावे. मात्र मध्येच उठण्याची मुभाही नसावी. थोर कोण, हा वाद त्यानंतर खुशाल घालावा. आमच्या घरी तो अजून चालू आहे. भाच्याने आम्हांस ऐकण्यासाठी आणखी तीन बँडची यादी दिली आहे आणि आम्ही त्याला रजब अली खाँचे नाव दिले आहे.